सोलापूरच्या माळावर तीन संध्याकाळी आणि एक चुकीची लेन्स

मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या अंधाऱ्या तोंडात डोकावायचं, हा माझा धंदा. पण तिथं दिवा हाताशी असतो, हवा तसा फिरवता येतो. पक्ष्यांच्या बाबतीत ही सोय नाही. माझी दीडशे-ते-सहाशेची झूम लेन्स दुपारी गुणी बाळासारखी वागते आणि सूर्य कलला की हातपाय गाळते. चार वर्षं मी या एकाच दुखण्यावर औषध शोधत होते, आणि तुमच्यातले निम्मे जण ही पोस्टसुद्धा त्यासाठीच वाचताहेत हे मला ठाऊक आहे. लेन्सचं सांगते. पण सगळं सांगते.

माझ्या पुण्याच्या दवाखान्यात संगीता नावाची मदतनीस आहे. तिचे मामा, शिवशरण मामा, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. राहतात सोलापूरजवळ, वळसंगच्या पुढं आत एका गावात. गावाचं नाव देणार नाही. त्या गावच्या गायरानात दर हिवाळ्यात हॅरियर उतरतात. मराठीत भोवत्या. हे शिकारी पक्षी फार लांबून येतात, दिवसभर रानोमाळ फिरतात आणि दिवस मावळताना एका ठरलेल्या गवताळ जागी जमिनीवर झोपायला उतरतात, तेही सगळे मिळून. मामा अकरा वर्षं रोज संध्याकाळी तिथं बसून त्यांची मोजदाद करत होते.

जानेवारीत संगीता म्हणाली, "मॅडम, मामांना एक फोटो पाहिजे. चांगला. साहेबांना दाखवायला." गायरानावर सोलरची पॅनेल बसवायचं ठरत होतं. ओढ्यापलीकडे पंचायतीचीच दुसरी जागा होती, खडकाळ, तिथं गवताची काडी नाही. पॅनेल तिकडं न्या, एवढंच मामांचं म्हणणं होतं. त्यांनी तालुक्याला इतके हेलपाटे घातले की शेवटी एक साहेब कबूल झाले, शनिवारी संध्याकाळी येतो, पक्षी दाखवा, मग बघू. मामांच्या वह्या त्यांनी चाळूनही पाहिल्या नव्हत्या. वहीत काय, म्हणे, कुणीही काहीही लिहील.

मी लगेच हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, पॅनेल कुठं बसणार याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. झोपायला उतरणारा हॅरियर, हा फोटो माझ्याकडे नव्हता.

माझ्या झूमच्या जोडीला मी तीनशे एमएमची, एफ दोन पॉइंट आठची लेन्स भाड्यानं घेतली. पाचशेची एफ चारची होती दुकानात, पण तिचं वजन आणि डिपॉझिट दोन्ही ऐकूनच खांदा दुखायला लागला. नव्यांसाठी थोडक्यात सांगते. सहाशेवर माझी झूम एफ सहा पॉइंट तीनपर्यंतच उघडते. दोन पॉइंट आठची लेन्स तिच्या पाचपट उजेड आत घेते. म्हणजे झूमला जिथं आयएसओ बारा हजार लागतो (तो चढवावा तितका फोटो दाणेदार), तिथं हिचं अडीच हजारात भागतं. तोटा एकच, तीनशेवर पक्षी लहान दिसतो. मग एक तर तेवढ्यावर समाधान मानायचं, नाही तर जवळ जायचं.

गुरुवारी पहाटे पुणं सोडलं. रस्ता सोलापूरपर्यंत उत्तम आहे, चारपदरी, वाटेत चहाला दोनदा थांबूनही दुपारी बाराला पोचले. टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. स्टँडजवळच्या लॉजमध्ये साधी खोली घेतली, स्वच्छ होती, गरम पाणी फक्त सकाळी. जेवायला कडक भाकरी, शेंगाभाजी आणि वर शेंगाचटणी. भाकरी मोडताना असा आवाज होतो की माझ्यातल्या डॉक्टरला धंदा वाढल्याचा आनंद व्हावा. साडेतीनला अक्कलकोट रस्त्याला लागले. वळसंगला चहा घ्या. तिथला चहावाला एका गिऱ्हाईकाशी कानडीत आणि दुसऱ्याशी मराठीत एकाच वेळी भांडत होता आणि दोघांना चहा बरोब्बर देत होता.

मामा गावाच्या फाट्यावरच उभे होते. पांढरा शर्ट, गळ्यात मफलर, खांद्याला कापडी पिशवी. घरी मामींनी चहाबरोबर धपाटे पुढं केले, ते खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. मग आम्ही माळावर गेलो. गायरानाच्या कडेला एक बाभूळ आहे. मामा तिच्याखाली बसले, पिशवीतून वही काढली.

"हितनं फुडं जायाचं न्हाय," ते म्हणाले. "ही आपली शीट."

पावणेसहापर्यंत काही नाही. मग एक आला, गवतावरून हातभर उंचीनं, पंख न हलवता. मग तीन. मग चारी बाजूंनी यायला लागले, अगदी गुपचूप, आणि गवतावर गिरक्या घेत राहिले. सूर्य बुडाला तसे एकेक करून खाली उतरले आणि दिसेनासे झाले. मामांचे ओठ हलत होते. तीस वर्षं भरल्या गाडीत मागून पुढं चालत मुंडकी मोजलेला माणूस, त्यांची नजर एकदाही चुकली नसेल.

"शेचाळीस," ते म्हणाले. "काल येक जादा हुता. ईल उद्या."

मी झूमनं शंभरेक फोटो काढले. कधी दीडशेवर, कधी सहाशेवर. शुक्रवारी सकाळी लॉजवर ते लॅपटॉपवर पाहिले तेव्हा वाईट वाटलं. सगळे काळपट, रवा सांडल्यासारखे दाणेदार, एकही पक्षी धारदार नाही. दीडशेवरच्या फोटोंत तर नुसता माळ, बाभूळ, मागं गावातलं देऊळ आणि वर काळे ठिपके. फोटोग्राफरच्या शिस्तीप्रमाणं मी ते पुसून टाकले. टुकार फोटो जवळ ठेवायचे नाहीत, हे मी याच ब्लॉगवर तुम्हाला किती वेळा बजावलंय. कार्डही फॉरमॅट करून कोरं केलं.

शुक्रवारी तीनशेची लावून बाभळीखाली बसले. उजेड काय आत येत होता, वा. पण पक्षी माशीएवढे. अर्धा तास मी चुळबुळ करत होते. निम्म्याहून जास्त उतरले होते आणि माझ्याकडे धड एक फोटो नव्हता.

"मामा, थोडं पुढं जाऊ? बसल्या बसल्या सरकेन. मला सवय आहे."

"बाबळीच्या फुडं आपुन जात न्हाय, मॅडम."

"मग उद्या साहेबांना काय दाखवायचं? ठिपके?"

ते माझ्या कॅमेऱ्याकडे पाहत म्हणाले, "तुमाला कळतंय त्यातलं. बगा."

ही परवानगी नव्हती. मला तेव्हाही ते कळलं होतं. पण मला हवं होतं म्हणून मी ते 'बगा' उचललं आणि निघाले.

साठ-सत्तर पावलं सरकले असेन. एक नर समोरून सरळ माझ्यावरच आला. राखाडी-पांढरा, पंखांची टोकं काळी, डोळा पिवळाधमक. मी बटण दाबून धरलं. फोटो आलाय हे पडद्यावर न बघताही समजतं, तसं समजलं. अजून चार पावलं पुढं गेले तर उतरतानाचाही मिळेल, म्हणून गुडघ्यावर उठले. आणि माझ्या पुढ्यातल्या गवतातून एक उडाला. त्याच्यामागून दुसरा. मग अख्खा माळच उठला. खाली बसलेले सगळे वर आले, दोन गिरक्या घेतल्या, तिसरी घेतली. मी जमिनीला चिकटून पडून राहिले, पण आता त्याचा काय उपयोग. ते दक्षिणेकडे निघाले, एकेक करून, अंधारात.

मी परत आले तेव्हा मामा उभे राहून आकाशाकडे बघत मोजतच होते.

"सत्तेचाळीस आलते," ते म्हणाले. "सत्तेचाळीस गेले."

मी म्हटलं, उद्या येतील. ते म्हणाले, "येत्याल की." घरी मामींनी जेवायला थांबवलं. मी थांबले आणि जेवलेसुद्धा. स्वतःची इतकी शिसारी मला पूर्वी कधी आली नव्हती, तरी मी दुसऱ्यांदा आमटी घेतली, कारण नको म्हणायचंही तोंड नव्हतं.

शनिवारी सरपंच आणि साहेब जीपनं आले. सरपंच वाईट माणूस नव्हता. मला म्हणाला, "ताई, आमाला दिवसा लाईट पायजे. रातच्याला पिकाला पानी द्यायला जातोय आमी, पायाखाली काय हाय दिसत न्हाय." हे खरंच होतं. ओढ्यापलीकडची जागा चालेल का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "चालंल की. खर्च जरा वाडंल. पर पाखरं दिसू द्या आदी."

आम्ही पाचजण बाभळीखाली बसलो, साहेबांचा ड्रायव्हर धरून. सहा वाजले. सव्वासहा. तीन हॅरियर उंचावरून आले, माळावरून एक फेरी मारली आणि न उतरता निघून गेले. साडेसहाला नुसतं गवत दिसत होतं, मग तेही दिसेना.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेरा उघडून तो फोटो साहेबांना दाखवला. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो आहे तो. पिसन् पीस मोजून घ्या. आणि पक्ष्याच्या मागं काय आहे? काही नाही. तपकिरी-हिरवा मऊ धूर. दोन पॉइंट आठची लेन्स हेच तर करते. मागचं सगळं पुसून टाकते, म्हणूनच आपण तिच्यावर एवढे पैसे घालतो.

"सुंदर आहे," साहेब म्हणाले. "पण मॅडम, हा इथलाच कशावरून? आणि एकच आहे. सत्तेचाळीस म्हणत होते ना हे?"

तेव्हा मला गुरुवारचे फोटो आठवले. माळ, बाभूळ, देऊळ आणि वर काळे ठिपके. साहेबांना तेवढंच हवं होतं. खिशातल्या मोबाईलनं काढला असता तरी चाललं असतं. दोन दिवसांत मी तो खिशातून बाहेरही काढला नव्हता.

"काल किती होते?" साहेबांनी विचारलं. "आजच का नाहीत?"

मी तोंड उघडायच्या आत मामा बोलले. "काल मीच जरा फुडं गेलतो, साहेब. माज्यामुळं उडाली. चार दिसांनी या, दिसत्याल."

सरपंच हसला. "अकरा वर्सं आमाला जाऊ देत न्हाय, आन् सोताच शिरला व्हय म्हातारा."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी मामांच्या शेजारीच उभी होते, कॅमेरा गळ्यात. 'मी गेले होते' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. जीप गेल्यावर मी मामांना विचारलं, असं का केलंत. ते वही पिशवीत घालत म्हणाले, "तुमी पावन्या. जाऊ द्या."

रविवारी परत आले. रस्ता तोच, काही आठवत नाही. पुसलेले फोटो परत काढून देणाऱ्या माणसाकडे कार्ड नेऊन दिलं. त्यावर मी शुक्रवारी नऊशे फोटो काढले होते, त्याखालचं काहीही निघालं नाही.

साहेब चार दिवसांनी आले नाहीत. पक्षीही आले नाहीत, निदान महिनाभर तरी. मामा रोज जाऊन बसत होते. संगीता एकदा औजारं मांडता मांडता म्हणाली, "मामांनी घाण केली म्हणे, मॅडम. इतकी वर्षं सांभाळलं आणि ऐन वेळी स्वतःच आत शिरले. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही." खुर्चीवर पेशंट होता, माझ्या तोंडाला मास्क. पेशंट गेल्यावर मी तिला खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, ट्रे उचलला आणि आत गेली. काम ती पूर्वीसारखंच चोख करते. मामांविषयी माझ्याशी बोलत नाही.

आता लेन्सचं. ज्यांना अंधुक उजेडात पक्षी टिपायचेत त्यांनी तीनशेची दोन पॉइंट आठ घेऊ नये. वाईट म्हणून नव्हे. ती हातात असली की जवळ जावंसं वाटतं आणि जवळ जाताना कारणं सापडतात. लांबची घ्या, फोटो दाणेदार येऊ द्या. किंवा साध्या दुर्बिणीनं लांबून बघा आणि परत या. तो नराचा फोटो या पोस्टला जोडलेला नाही. मागू नका.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला, गायरानात यंत्रं आली, गवत काढून झालं, खांब पुरताहेत. ते हे हवापाणी सांगावं तसं सांगत होते. मी म्हटलं, "मामा, मी उद्या निघून येते. सरपंचांना, साहेबांना, सगळ्या गावाला सांगते की मी गेले होते."

मागं यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"आता नगं, मॅडम," ते म्हणाले. "तवा सांगायचं हुतं."