ओगुचींनी ट्रायपॉड सोडला

आमच्या किरिहारा गावात तोकुजी ओगुचींनी ज्याचा फोटो काढला नाही असा माणूस सापडणार नाही. आणि फोटो काढताना ज्याला त्यांनी हलू दिलं, असा तर मुळीच नाही. देवळाच्या दगडी पायऱ्यांसमोर त्यांचा ट्रायपॉड एकेचाळीस वर्षं एकाच जागी उभा होता. फरशीला त्याच्या पायांचे तीन खळगे पडलेत, पावसात त्यांत पाणी साचतं. बसमधून उतरलेली मंडळी पायऱ्यांवर रांगा करायची, मग ओगुची कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहून भसाड्या आवाजात ओरडायचे, "खांदे खाली, हनुवटी आत, हलायचं नाही." की झाला खटका. आमच्या शाळेचे फोटो, आमची लग्नं, अग्निशमन दलाचा दरवर्षीचा फोटो, सगळं ह्याच आवाजात पार पडलं. माझ्या लग्नाच्या फोटोत मी इतकी ताठ आहे की सासूबाई आयुष्यभर म्हणत राहिल्या, सून आणली की खांब आणला.

मी किनुए. पायऱ्यांच्या तोंडाशी माझं लोणच्यांचं दुकान आहे. ओगुचींचा शेजार तीस वर्षांचा, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाटेल ते बोलायचा हक्क मी कमावलेला आहे.

त्या वर्षी जुलैत, मी दुकानाचा पडदा लावत होते तेव्हाच ते आले. चहाही न घेता आले होते, म्हणजे काहीतरी घडलं होतं.

"किनुए-सान, तुमची गाडी मात्सुमोतोला कधी जाणार?"

"गुरुवारी. का?"

"मला कॅमेरा घ्यायचाय."

"आहे त्याला काय धाड भरली?"

"तो उभा राहतो," ते म्हणाले. "मला हातात धरायचा हवाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांची बायको फुसाए, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन सप्टेंबरात ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालाल, जिने चढाल, पण नाच विसरा. फुसाए ओबोनच्या, म्हणजे ऑगस्टातल्या पितरांच्या सणाच्या मिरवणुकीत चौतीस वर्षं नाचली, माझ्याच ओळीत, माझ्या उजव्या हाताला. आणि त्याच दिवशी गावात सगळ्यात जास्त बसगाड्या येतात, त्यामुळे चौतीस वर्षं नवरा पायऱ्यांपाशी. नाचणाऱ्यांचा रस्ता तर इतका अरुंद की तिथे ट्रायपॉडला मनाई आहे.

"तिचे फोटो किती आहेत माझ्याकडे," ओगुची म्हणाले. "सगळे उभे. हात पुढे जुळवलेले. नाचतानाचा एक नाही, किनुए-सान. यंदा नाही मिळाला तर कधीच नाही."

त्यांचे डोळे इतके चमकत होते की मला थट्टा सुचेना. तरी केलीच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे लग्नाच्या वयात शोभतं. हे गृहस्थ सहासष्टाव्या वर्षी बाशिंग बांधून माझ्या दारात उभे होते.

"अहो, मग तुमच्या भाचीचा छोटा कॅमेरा घ्या ना उसना. खिशात मावतो."

"त्याची फिल्म केवढी, बोटभर. त्यात फुसाएचा चेहरा मसुराच्या दाण्याएवढा येतो. मला भिंतीवर लावायचाय. पापणी दिसली पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नका. कळलं की ती उभी राहील."

गुरुवारी ते माझ्या गाडीत बसले ते शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे. वाटेत रुंद फिल्मचे किती प्रकारचे कॅमेरे असतात, कुठला चौकोनी फोटो काढतो, कुठला आडवा, हे मला इतकं ऐकवलं की दोनदा वळण चुकले. एकाच गोष्टीबद्दल ते गप्प होते. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात चहाच्या पेल्याशी भांडत होता. ट्रायपॉडला हात थरथरला तरी चालतं, म्हणून गावात कोणाला कळलं नव्हतं. मला कळलं होतं, कारण चहा मीच देते.

मात्सुमोतोतलं ते जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान म्हणजे दोन बाजूंना काचेची कपाटं आणि मध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. मालक ओबाता, पातळ मिशीचा, बोलायला कंजूष. ओगुचींनी काय हवं ते सांगितल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "समोरची व्यक्ती उभी असणार की हलणार?"

"नाचणार," ओगुची म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून इतक्या अभिमानाने आला की ओबाताने मान वर करून बघितलं.

पहिला कॅमेरा दोन डोळ्यांचा, एकावर एक. गळ्यात अडकवायचा आणि वरून आत डोकवायचं. वजनाला हलका, दिसायला देखणा. ओगुची म्हणाले, "किनुए-सान, जरा नाचून दाखवा."

"इथे?"

"तीन पावलं. तुमची ओळ येते तशी."

मी नाचले. काय करता? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण तिथली वाट खरोखरच वाकडी होती. एका कपाटाला माझं ढोपर लागलं आणि दोन गिऱ्हाइकं आपापले कॅमेरे ठेवून बघायला आली. मी उजवीकडे गेले तर ओगुची डावीकडे वळले. मी डावीकडे, तर ते उजवीकडे. वरून बघताना त्या काचेत डाव्याचं उजवं दिसतं.

"ह्याने माझी बायको सापडायच्या आधी मिरवणूक संपेल," ते म्हणाले आणि कॅमेरा परत दिला.

दुसरा काढताना ओबाताने दोन्ही हात लावले. बिडाच्या कढईएवढा जड, बाजूला लाकडी मूठ. आत मोठा आरसा, लेन्समधून जे येतं तेच डोळ्याला दिसतं, डावं ते डावंच. ओगुची एकदम खूष. कसा धरायचा ते ओबाताने दाखवलं. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, डावा तळवा खाली टोफूची वडी घेतल्यासारखा, अर्धा श्वास सोडायचा आणि मग दाबायचं. मग त्याने बोटाच्या पेराएवढा आरशाचा तुकडा मेणाने कॅमेऱ्याच्या तोंडावर चिकटवला. दारातून ऊन आत येत होतं. त्याचा कवडसा समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडला.

"दाबताना हा जेवढा हलेल," ओबाता म्हणाला, "तेवढा तुमचा फोटो हलला असं समजा."

म्हणजे चहाच्या पेल्याचं भांडण आता भिंतीवर, सगळ्यांसमोर. मी ओगुचींकडे बघितलं नाही, कवडशाकडे बघितलं. त्यांनी दाबलं. आतून दार आपटल्यासारखा आवाज आला आणि कवडसा भिंतीवरून उडून छताला लागला.

त्यांनी परत दाबलं. परत छत.

"वजन जास्त आहे," मी म्हणाले.

"वजनाचं सोडा," ओगुची म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण कारण भलतंच निघालं. "दाबलं की आतला आरसा उडतो आणि सगळं काळं होतं. नेमकं ज्या क्षणी ती पाऊल उचलणार, त्याच क्षणी मला दिसणार नाही. मग फोटो फिल्मवर येईल, पण मी कुठे बघितलं तिला?"

ओबाता मागच्या खोलीत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक काळा, बसका कॅमेरा होता. कोपऱ्याला पोचा आलेला. फिल्म तीच, रुंद. पण बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी, वर बाजूला. आत उडणारा आरसाच नाही. किमतीची चिठ्ठी मी वाचली आणि उलटी करून ठेवली.

ओगुचींनी तो डोळ्याला लावला आणि हसले. "ह्यात दोन किनुए दिसतात."

"समोरचं कडं फिरवा," ओबाता म्हणाला. "दोघी एकमेकींवर आल्या की नेम बरोबर."

"आल्या. एकच झाली."

"एक पुरे आहे," ओबाता म्हणाला. दिवसभरातला त्याचा तेवढाच विनोद.

मग त्याने आरशाचा तुकडा काढून ह्या कॅमेऱ्याच्या तोंडावर चिकटवला. मी नाचले. या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. कोपरं बरगड्यांना, अर्धा श्वास, काडी मोडल्यासारखा बारीक आवाज. मी भिंतीकडे वळून बघितलं. कवडसा जागचा हलला नव्हता. थोडा थरथरत होता, हे खरं, पण हलला नव्हता. ओगुचींनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि दर वेळी म्हणत गेले, "दिसतंय. दाबताना पण दिसतंय. किनुए-सान, तुमचा पाय हवेत आहे आणि मला दिसतोय." मला इतका आनंद झाला की मी त्या अनोळखी गिऱ्हाइकांना वाकून नमस्कार केला. त्यांनीही केला.

पुढचे तीन आठवडे त्यांनी माझा जीव खाल्ला. मी गिऱ्हाइकाला सोयाबीनच्या मिसोत मुरलेला मुळा बांधून देतेय आणि हे पिंपाआडून काडी मोडतायत. फिल्मशिवाय, नुसता सराव. फुसाएला दुकानातल्या खुडबुडीचा संशय आला तेव्हा मी सांगितलं, उंदीर आहेत. ह्यानंतर ती माझ्याकडे मांजर घेऊन आली, आणि मांजर अजून इथेच आहे.

ओबोनच्या दिवशी ओगुचींनी पायऱ्यांपाशी पाटी लावली, आज फोटो बंद. चार बसगाड्या तशाच परत गेल्या. अख्ख्या गावात कुजबुज, ओगुची आजारी आहेत की काय.

मिरवणूक चारला निघाली. ऊन अजून देवळाच्या छपरावर होतं. ढोल पुढे, मग आम्ही तीस बायका, मागे न्हाव्यांची आणि सुतारांची ओळ. फुसाए गुडघ्याला घट्ट पट्टा बांधून आली होती. नाचताना तोंडातून एक शब्द काढत नव्हती, आणि ती इतकी चांगली नाचत होती की मला तिच्या शेजारी नाचायची लाज वाटली. दारूच्या दुकानाच्या कोपऱ्यावर वळलो तर समोर ओगुची. रस्त्याच्या मधोमध, ट्रायपॉडशिवाय, कोपरं बरगड्यांना लावून. फुसाएने त्यांना बघितलं, पाऊल एकदाच अडखळलं, पण तिने ते सावरलं. आता मिळणार, माझ्या मनात आलं.

ओगुचींनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि एकेचाळीस वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बाहेर पडली.

"खांदे खाली, हनुवटी आत, हलायचं नाही."

तीस बायका जागच्या जागी थांबल्या. हात खाली आले, हनुवट्या आत गेल्या. मला सगळं माहीत होतं, मी दुकानात नाचून दाखवलेली बाई, आणि मीसुद्धा खांबासारखी उभी. मागून न्हाव्यांची ओळ येऊन आमच्यावर आदळली, तरी आम्ही हललो नाही. ढोल तेवढे वाजत होते. आणि फुसाए हात पुढे जुळवून ताठ उभी होती, त्यांच्या अल्बममध्ये असते तशी.

एक काडी मोडली. मग ओगुचींनी कॅमेरा खाली घेतला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. लोक हसत होते. थांबायला सांगायचे शब्द त्यांच्याकडे होते. हलायला सांगायचे कधी लागलेच नव्हते.

मग त्यांनी एक भलतंच केलं. कॅमेरा छातीशी धरून ते स्वतः नाचायला लागले. उलटे, मागे मागे जात. ह्या माणसाने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. पहिलंच चुकलं, दुसरंही चुकलं, आणि लाजेने कान लाल झाले तरी ते थांबले नाहीत.

फुसाएने हे जरा वेळ सहन केलं.

"अहो, डावा," ती शेवटी म्हणाली. "डावा आधी."

"डावा?"

"डावा. मग टाळी. असं." आणि तिने करून दाखवलं. तिचा पाय उचलला, हात वर गेला, माझाही गेला, आणि तीस बायका परत चालू झाल्या. ओगुची आमच्या पुढे उलटे नाचत होते, काड्या मोडत होते, आणि फुसाए त्यांना सगळ्या गावासमोर रागावत होती, हसत होती, डावा, अहो डावा.

एका रिळात दहा फोटो बसतात. धुऊन यायला आठवडा लागला. ओगुचींनी ते माझ्या दुकानातच उघडले, कारण फुसाए तिथे स्टुलावर पाय ठेवून माझ्या मांजराला खाऊ घालत होती. पहिल्यात आम्ही तीसजणी, एकूणएक ताठ, एकदम स्पष्ट. दुसऱ्यात माझं ढोपर. तिसऱ्यात नुसता कंदील. चौथा, पाचवा, सहावा हललेले. ओगुचींची बोटं पेला धरल्यासारखी थरथरत होती.

सातव्यात फुसाए होती. एक पाय जमिनीवर, एक हवेत, दोन्ही हात डोक्याच्या वर, तोंड उघडं. बहुतेक 'डावा' म्हणत असावी. बाहीचं टोक पुसट झालंय, पण चेहरा स्वच्छ. पापण्या मोजता येतील.

फुसाएने फोटो हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला.

"माझा हात एवढा वर जातो?" तिने मला विचारलं. "मला इतकी वर्षं वाटायचं, किनुएचा जातो तेवढा माझा जात नाही."

"माझा कुठला जातोय," मी म्हणाले.

मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं? मी अशी नाचते ते?"

"नाही," ओगुची म्हणाले. "मी पायऱ्यांकडे तोंड करून उभा होतो."

फुसाएने स्टुलावरचा पाय खाली घेतला, स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि फोटो त्यांच्या हातात दिला.

"मग बसा," ती म्हणाली. "आता नीट बघा."