काजळ आडवी गेली

आज ऑफिसला निघताना आमची म्हातारी काळी मांजर, काजळ, आडवी गेली आणि दुबईतल्या बर दुबई भागातल्या आमच्या घरातली बारा वर्षांपूर्वीची सकाळ आठवली.

तेव्हा मी काजळला नुकतंच दत्तक घेतलं होतं. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी तिला तीन महिने हात लावला नाही. ती आडवी गेली की त्या सात पावलं मागे सरायच्या; आमच्या एवढ्याशा हॉलमध्ये चौथ्यालाच पाठ भिंतीला टेकायची.

त्यांच्या परतीच्या दिवशी नवरा लिफ्टपाशी "यल्ला, आई, चल लवकर!" करत होता, तेवढ्यात काजळ आडवी गेली. सासूबाई चटकन सोफ्यावर बसल्या. "आता कशी निघू? पाच मिनिटं थांबायलाच हवं," म्हणाल्या आणि तिलाच मांडीवर घेतलं.

मी तेव्हा घड्याळ बघत होते. आज पर्स खाली ठेवली आणि काजळला मांडीवर घेऊन बसले.