चुंबक चिकटलं

उदगीरला आमचं वेल्डिंगचं दुकान होतं. डाळ मिलची हॉपरं, म्हणजे धान्य ओतायची मोठाली नरसाळी, माझ्या वडिलांनी, दादांनी, जन्मभर जोडली. वर स्टील, खाली साधे लोखंडी पाय. काम झालं की दादा खिशातून चुंबक काढायचे. स्टीलला ते चिकटायचं नाही, जोडाला मात्र टचकन बसायचं. "चिकटलं बघा! लोखंडानं धरलं," दादा म्हणायचे आणि मिलवाला खूश होऊन चहा सांगायचा. सुट्टीत मीही शेजारी छाती फुगवून उभा असायचो.

पुढे मी नांदेडला इंजिनीअरिंग कॉलेजात धातूशास्त्र शिकवायला लागलो. गेल्या उन्हाळ्यात दादांनी जोडलेलं एक हॉपर पायांपासून निखळलं आणि खालच्या हमालाचा पाय गेला. तुटका जोड पिशवीत घालून दादा बसने माझ्याकडे आले. "माझा जोड तुटत न्हाई. लोखंडच खराब असंल, बघ."

तुकडा कापला, घासून आरसा केला, ॲसिड लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लोखंड ठीक होतं, स्टील ठीक होतं. दादांचा हातही साफ, कुठे एक बुडबुडा नाही. पण अशा जोडाला वेल्डिंगचा खास रॉड लागतो; साध्या रॉडने जोडल्यामुळे दोन्ही धातू मिसळून मध्ये तिसरीच जात तयार झाली होती, कडक आणि काचेसारखी ठिसूळ. चीर तिच्यातूनच गेली होती. या जातीची खूण अगदी सोपी आहे. योग्य रॉडच्या जोडाला चुंबक जेमतेम धरतं, हिला घट्ट चिकटतं.

हे मी दादांना सांगितलं. उदगीरला परतल्यावर आठ दिवस ते चुंबक घेऊन मिल-मिल हिंडले. सगळीकडे ते चिकटलं. जोड कापून नव्याने करून देतो म्हणाले, तर ऐन सीझनमध्ये मिल बंद ठेवायला कोणी तयार होईना. हॉपरं तशीच आहेत आणि त्यांच्याखाली माणसं पोती धरून उभी असतात. दादांनी दुकान उघडणं सोडलं.

दिवाळीला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "चुंबकाचं हे तुला कवापासून ठाव हाय?"

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी परीक्षेत हाच प्रश्न होता. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. त्याच सुट्टीत दादांनी माझ्यादेखत जोडाला चुंबक लावलं. चारचौघांत बापाची चूक कशी काढायची, म्हणून मी गप्प बसलो, आणि मिलवाल्याने सांगितलेला चहा प्यालो.

"दुसऱ्या वर्षापासून," मी म्हणालो.