पांढऱ्या शर्टाचा खेळ

गावच्या जत्रेत मी सोंगं काढतो, पण माझा सगळ्यात गाजलेला खेळ उसाच्या फडाशेजारी झाला. मिरजगावकडच्या आमच्या गावातून आम्ही नवरा-बायको दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. आई घरी एकटी. मागल्या हंगामात तोडताना कोयता माझ्याच पायावर बसला. आईला कळलं असतं तर मिळेल त्या टेम्पोत बसून ती फडावर आली असती.

म्हणून दर रविवारी व्हिडिओ कॉलचा प्रयोग. झोपडीच्या पाचटाच्या भिंतीवर बायकोची लग्नातली साडी टांगायची, हा पडदा. नायकाच्या अंगात पांढरा शर्ट, कमरेखाली फाटकी लुंगी आणि बँडेज. बायको मोबाईल धरून पुटपुटायची, "अवो, पाय खाली घ्या, दिसतोय."

तिकडे आई शेजारच्या काकूला खेटून बसलेली. "पांढरा शर्ट झकास हाय लेका."

मी फुगायचो. एकदा गंमत म्हणून मुकादमाचा पिवळाजर्द शर्ट चढवला. आई म्हणाली, "पांढरा शोभतोच तुला."

"आये, डोळे तपासून घे."

"तुझ्या मोबाईलचाच रंग उडालाय."

हा विनोद मी फडावर सगळ्यांना आईच्या आवाजात करून दाखवला. माणसं पोट धरून हसली.

हंगाम संपला, मी लंगडत अंगणात शिरलो. आई उंबऱ्यात बसली होती. मी हातभर अंतरावर उभा राहिलो, तोंडभर हसत.

"कोन हाय?" तिनं विचारलं.

मी पुढं सरकलो, पाय मातीत घासला. मग तीच म्हणाली, "पाय का वढतोस रं?"

काकू धावत आली. "संक्रांतीपासनं दिसत न्हाई तिला. मला शपथ घातली हुती, तुमी काम टाकून आला असता. शर्टाचा रंग मीच कानात सांगायची. ती रंग चुकली त्या रविवारी मी फोन तिच्या हातात दिऊन पान्याला गेल्ते."

नगरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. काचबिंदू. दिसेनासं होऊ लागलं तेव्हाच आणायला हवं होतं, गेलेली नजर आता परत येत नाही, म्हणाले.

यंदाही आम्ही फडावरच आहोत, आई काकूच्या हवाली. साडी पेटीत गेली. मळक्या बनियनवरच फोन लावतो.

"शर्ट कोनता घातलास?"

"पांढरा."

"आन पाय? दाव बरं."

मी मोबाईल खाली पायाशी धरतो.

"बरा दिसतोय," आई म्हणते.