शालिकरामचं चार फुटी विमान

शालिकराम गजभिये नऊ वर्षांचा असताना लांजीजवळच्या त्याच्या गावावरून सरकारी मोजणीचं एक लहानसं विमान तीन दिवस फिरत होतं. ते इतकं खालून जायचं, की धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या पोराला त्याची चाकं मोजता यायची. चौथ्या दिवशी ते आलंच नाही. शालिकराम मात्र दिवेलागणीपर्यंत बांधावर बसून होता. आई शोधत आली तेव्हा त्यानं विचारलं, "माय, ते वरतं कोणाच्या सांगण्यानं वळते?"

"तुह्या बापाच्या," आई म्हणाली आणि हाताला धरून त्याला घरी घेऊन गेली.

मोठेपणी तो बालाघाटला आला, एका रेडिओवाल्याच्या हाताखाली काम शिकला आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही. बिघडलेला सेट समोर आला की तो आधी उघडत नसे. त्यावर हात ठेवून, डोळे मिटून, त्याची घरघर ऐकत बसे. गिऱ्हाईकांना वाटे, मिस्त्रीला डुलकी लागली. मग तो म्हणे, "कंडेन्सर गेला," आणि तेवढंच गेलेलं असे.

तिशीत असताना एका हिंदी मासिकात त्याला जमिनीवरून बिनतारी चालवायच्या लहानशा विमानाचा नकाशा सापडला. मोडक्या रेडिओंतले ट्रान्झिस्टर वेचून त्यानं विमानात बसून खालचा हुकूम ऐकणारा एक रिसीव्हर जोडला. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला तो ठेवायचा आणि अलीकडून हातातल्या ट्रान्समीटरचं बटण दाबायचं, असे सहा रविवार गेले. सातव्या रविवारी पलीकडे टक् वाजलं. मध्ये तार नव्हती, दोरी नव्हती, नुसती हवा होती. शालिकरामच्या अंगावर काटा आला.

"ऐकलं काय?" त्यानं तांदूळ निवडत बसलेल्या बायकोला, पंचशीलाला विचारलं.

"काय?"

"ते टक्."

"पाल असंल," पंचशीला म्हणाली.

तो रिसीव्हर विटेएवढा जड होता. बांबूच्या कामट्यांचं आणि कागदाचं विमान त्याच्यासकट काही जमिनीवरून उठलं नाही. पुढे क्रिकेटच्या ऐन सामन्याच्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा रेडिओ बंद पडला, तेव्हा शालिकरामनं त्या रिसीव्हरातला एक ट्रान्झिस्टर काढून त्याला बसवून दिला. मग हळूहळू बाकीचेही गेले. पण कधी दुपारी दुकानात कोणी नसलं की तो टक् आवाज त्याच्या कानात यायचा, आणि तो हातातलं काम सोडून रस्त्यावरच्या मोकळ्या हवेकडे बघत राहायचा.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. तो आधी कडेकडेनं शिरला. बाजूनं येणारी सायकल दिसेना, मग ताटातली वाटी. डॉक्टर झाले, थेंब झाले, नागपूरची वारीही झाली. पाच-सहा वर्षांत जे उरलं होतं तेही विझलं. दुकान बंद केलं. तो ओसरीत खुर्ची टाकून बसू लागला. पंचशीला त्याच्या मांडीवर लाखोरीच्या शेंगा आणून ठेवी, तो सोलून देई. शेंगा संपल्या की ते हात मांडीवर तसेच पडून राहत. ते बघणं त्याच्या मुलीला जड जाई.

मुलगी म्हणजे संघमित्रा. शहरातल्याच एका आयटीआयमध्ये ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. एकुलती एक, बापाच्या दुकानात सोल्डरच्या धुरात वाढलेली. पावसाळा सरता सरता एके दिवशी तिनं बापाच्या तळहातावर एक वस्तू ठेवली. काडेपेटीहून लहान, चण्याच्या फुटाण्यासारखी हलकी. एका बाजूला बारीक पिनांच्या रांगा, दुसऱ्या बाजूनं केसासारख्या दोन तारा निघालेल्या.

"सांगा काय आहे ते."

शालिकरामनं पिना मोजल्या. तारांवरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा. "रिसीव्हर हाय काय?"

"हौ."

"एवढाच?"

"एवढाच. अर्ध्या कोसावरून ऐकते."

त्यानं ती वस्तू तिच्यापुढे परत धरली. मग म्हणाला, "आता मले दाखवून काय फायदा, बाई? आता काय मी विमान पाहनार हाय?"

"पाहाले नाही आणलं," संघमित्रा म्हणाली. "जोडाले आणलं."

कुरिअरनं आलेल्या फोमच्या पातळ पत्र्यांतून चार फूट पंखांचं विमान ओसरीत आकार घेऊ लागलं. कापाकापी संघमित्रा करी, वायरिंग शालिकरामकडे होतं. पंखांची आणि शेपटीची पाती हलवायला इवल्याशा मोटरी होत्या, त्यांना सर्वो म्हणतात. प्रत्येक सर्वोच्या तीन तारांच्या टोकाचा प्लग रिसीव्हरच्या ठरलेल्या पिनांवर बसवायचा, आणि तो उलटा बसला तर काही चालत नाही. शालिकरामला एका दिवसात खूण सापडली. प्लगच्या एका कडेचे कोपरे किंचित घासलेले होते. बोटाला ते कळले की झालं. त्याची बोटं परत बोलू लागली. जेवताना तो सर्वोबद्दल बोले, झोपेत त्याचा अंगठा हलत असे. पंचशीला म्हणाली, "याच्यापरीस कबुतरं पाळली असती तं बरं झालं असतं. त्याइले दाने तरी टाकता येते."

दिवाळी झाली, धान कापून झालं. वैनगंगेचा पूल ओलांडून लालबर्रा रोडवर डोमाजी नावाच्या शेतकऱ्याची जमीन होती. डोमाजीचा रेडिओ शालिकरामनं वीस वर्षं चालता ठेवला होता. त्याचं खळं सारवून पाटासारखं झालेलं, पलीकडे दूरवर नुसती धसकटं. एका रविवारी सकाळी बाप-लेक स्कूटीवरून तिथं पोचले. विमान चादरीत गुंडाळून शालिकरामनं पोटाशी धरलं होतं, लेकराला धरतात तसं.

"धसकटाइत जवस टाकला हाय," डोमाजीनं आधीच सांगून ठेवलं. "तुडवू नका."

उडवण्याआधी एक तपासणी असते. पुढचा पंखा काढून ठेवायचा, हातातल्या रिमोटची ताकद मुद्दाम कमी करायची आणि तीस पावलं लांब जाऊन बघायचं, की विमान अजून ऐकतंय का. शालिकराम विमान दोन्ही हातांत धरून उभा राहिला, एक तळवा शेपटीखाली. संघमित्रा पावलं मोजत गेली आणि तिकडून एका लयीत रिमोटवरची कांडी मागेपुढे करू लागली.

कुर्र... कुर्र... कुर्र... शेपटीचं पातं तळव्याला लागत होतं, सुटत होतं. शालिकरामला वाटलं, एखादं पाखरू हातात धरलंय आणि त्याचं काळीज धडधडतंय. तीस पावलांवर पोरीचा अंगठा हलत होता आणि इथं त्याच्या तळहातावर ते पोचत होतं. तो हळूहळू गोल फिरू लागला. ऊन तोंडावर आलं, मग उजव्या गालावर, मग पाठीवर, मग डाव्या गालावर.

तो थांबला.

"काय झालं?" संघमित्रानं ओरडून विचारलं.

"एक ठोका चुकला."

"मले तं बराबर हलताना दिसून राह्यलं!"

"दिसून राह्यलं असंल. पुन्हा कर."

परत केलं. परत फिरला. ऊन डाव्या गालावर आलं, आणि कुर्र... कुर्र... मग बारीकशी रिकामी जागा, मग कुर्र. तिसऱ्यांदाही तिथंच. संघमित्रा जवळ आली, रिसीव्हरचा दिवा बघितला. तो स्थिर होता. "बाबा, एवढं तं चालते. पुऱ्या ताकदीवर काही होत नाही."

"उडवा नं बाप्पा एकदाचं," डोमाजीही म्हणाला. आपली न्याहारी टाकून तो आला होता.

शालिकरामनं विमान चादरीत गुंडाळायला घेतलं. "घरी चाल."

संघमित्रानं स्कूटी जोरात काढली. दोन महिने बापासाठीच तर सगळं चाललं होतं, आणि आज आकाश कसं निरभ्र होतं. शालिकरामला तिचा राग तिच्या पाठीवरूनही कळत होता. पण त्या रिकाम्या जागेनं त्याला धरून ठेवलं होतं. आयुष्यभर त्यानं असल्याच जागा शोधल्या होत्या, गाण्याच्या मधोमध, बातम्यांच्या मधोमध.

दुपारी त्यानं विमानाचं पोट उघडलं. रिसीव्हरपासून निघालेल्या त्या दोन केसासारख्या तारांवर बोट ठेवून तो त्यांच्या मागे मागे गेला. दोन्ही तारा एकमेकींना चिकटून, पंखाला बळकटी द्यायला घातलेल्या कार्बनच्या काडीला लागून सरळ गेल्या होत्या. वर बॅटरी. म्हणजे विमान एका बाजूला वळलं, की पोरीच्या हुकमाच्या आड बॅटरी आणि ती काडी यायची.

"संघमित्रा, ह्या तारा अशा काहून ठेवल्या?"

ती येऊन बघू लागली आणि एकदम खाली बसली. "तिथंच जागा होती... बाबा, मी पोराइले शिकवतो हे. कार्बनच्या जवळ नेऊ नका, दोघी एका दिशेनं ठेवू नका. दर वर्षी शिकवतो."

"मंग शिकवनाऱ्याचंच चुकते," शालिकराम म्हणाला आणि हसला, तेव्हा तीही हसली.

ज्यूस प्यायच्या दोन नळ्या कापून त्यांत एकेक तार ओवली. एक नळी विमानाच्या लांबीनं चिकटवली, दुसरी तिला आडवी. म्हणजे विमान कसंही वळलं तरी एकीला तरी ऐकू यावं. मग त्यानं आणखी एक गोष्ट करून घेतली. रिमोटचा हुकूम पोचेनासा झालाच तर मोटर बंद करायची, हे रिसीव्हरला आधी शिकवून ठेवावं लागतं. संघमित्रानं ते केलं आणि मोटर चालू असताना रिमोट बंद केला. मोटर तत्काळ गप्प झाली. त्या शांततेत पंचशीला स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं काय एकदाचं?"

पुढच्या रविवारी शालिकराम डोमाजीच्या खळ्यावर पूर्ण गोल फिरला, मग उलटा फिरला. एकही ठोका चुकला नाही. त्यानं विमान खाली ठेवलं आणि पंखा बसवायला सांगितलं.

धावण्याचा आवाज फार थोडा झाला. चाकं खळ्यावर खरखरली आणि मग खरखर नाहीशी झाली, नुसता पंख्याचा सूर राहिला. शालिकरामनं मान वर केली. तो सूर डावीकडे गेला, दूर गेला, पातळ झाला. नदीवरून येणाऱ्या गार वाऱ्यात तो मधेच बुडायचा आणि वर यायचा. मग एकाएकी जाड होत, चढत, डोक्यावरून निघून गेला. नऊ वर्षांचा असताना बांधीत उभं राहून ऐकलेल्या त्या आवाजाहून हा कितीतरी बारीक होता, तरी त्याच्या पायांखालची जमीन तशीच हलकी झाली. डोमाजी "आबाबाबा" करत होता. विमान काय करतंय ते संघमित्रानं सांगत राहायचं कबूल केलं होतं, पण ती विसरली. शालिकरामनंही आठवण दिली नाही. तिचा श्वास ऐकूनच त्याला कळत होतं, कधी वळण आहे आणि कधी सरळ आहे.

"बाबा, या इकडं," ती एकदम म्हणाली. तिनं रिमोट त्याच्या हातांत दिला, त्याचा अंगठा कांडीवर ठेवला, वर आपला. "उंचावर हाय. घाबरू नका." एक वळण दोघांनी मिळून घेतलं. मग तिनं अंगठा उचलला.

कांडीत काहीच नव्हतं. नुसती स्प्रिंग. जन्मभर वस्तूंना हात लावून त्यांचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाच्या हाताला इतक्या वरून काही परत येत नव्हतं. होता तो फक्त सूर. तो पातळ होऊ लागला तेव्हा त्यानं अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा डावीकडे सरकवला आणि वाट बघितली. सूर पातळच होत गेला. संघमित्राचा हात पुढे आलेला त्याला जाणवला, पण तिनं धरलं नाही. आणि मग, खूप दूर, सूर वळला. जाड होऊ लागला. त्यानं अंगठा सोडला. विमान समोरून येत होतं, सरळ, त्यानं बोलावलं म्हणून येत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

उतरवलं संघमित्रानंच. विमान खळं सोडून थोडं जवसात शिरलं आणि त्याचं एक चाक तुटलं. डोमाजीनं रोपांकडे बघितलंसुद्धा नाही. "परत आणा," एवढंच म्हणाला.

आता गजभियेंच्या ओसरीत गोंदिया, सिवनीकडून माणसं येतात. त्यांच्या डब्यांत, चादरींत, थैल्यांत विमानं असतात. शालिकराम ती हातांत धरून गोल फिरतो आणि कुठं ठोका चुकतो ते सांगतो. पण त्या दिवशी यातलं काहीच ठरलं नव्हतं. स्कूटीवर मागे बसून परत येताना विमान त्याच्या पोटाशी होतं आणि फोमला अजून वाऱ्याचा गारवा होता.

"संघमित्रा," तो म्हणाला, "याले रंग कोनता हाय वं?"

तिनं स्कूटीचा वेग कमी केला. "पांढरंच हाय, बाबा. रंग दिलाच नाही. तुमी सांगान तो देऊ."

स्कूटी वैनगंगेच्या पुलावर चढली. खालून पाण्याची ओल आली. शालिकराम एकेक रंग मनात आणून बघू लागला. कोणता अजून धड आठवतो आणि कोणता नुसता नावापुरता उरलाय, ते तपासत बसला. काही पुसट झाले होते. हिरवा तर हातातच येईना. पूल संपता संपता एक मात्र लख्ख सापडला, पंचशीलाच्या लग्नातल्या लुगड्याचा.

"जांभळा," तो म्हणाला. "चांगला दाट दे."