मीठ नसलेला वाटा

आमच्या घरमालकीण काकींना पैशाची ददात नाही. पनवेलजवळ रोडपालीत त्यांची स्वतःची इमारत आहे. शेत गेलं, मिठागर गेलं, त्याच्या बदल्यात आलेल्या पैशातून ती उभी राहिली. दारात मुलाची पांढरी मोठी गाडी असते. तरी हायवेवरच्या स्वस्त दुकानात साखर दोन रुपयांनी उतरली असं कळलं, की काकी ती गाडी बाहेर काढायला लावतात, आम्हा भाडेकरूंना तिच्यात कोंबतात आणि साखर आणायला नेतात. जाण्यायेण्याच्या डिझेलचा हिशेब मी एकदा मनातल्या मनात करून पाहिला होता. बोलले नाही. ज्यांच्या छपराखाली राहतो त्यांचे हिशेब आपण तोंडाने करू नयेत, एवढं मला सातवीपर्यंतच्या शिक्षणातही कळलं.

आम्हाला न्यायचं कारण असं, की त्या दुकानात एका बिलावर साखरेच्या दोनच पिशव्या आणि तेलाचा एकच कॅन स्वस्तात मिळतो. म्हणजे माणसं जितकी, तितकी बिलं. काकी जिन्यात उभ्या राहून विचारायच्या, ‘आज किती बिलं हायत?’ आणि आम्ही आपापल्या दारातून माना बाहेर काढायचो. जळगाववाली एक बिल, मास्तरीणबाई एक बिल, कंपनीत ट्रेनिंगला असलेल्या सांगलीच्या पोरांपैकी सुट्टी असेल तो एक बिल. मी वाशीमवाली. काकी कुणालाच नावाने हाक मारत नाहीत, गावाने नाहीतर धंद्याने मारतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही.

दुकानात शिरलं की आम्ही एकमेकांना ओळखत नसू. वेगवेगळ्या रांगेत उभं राहायचं, इकडेतिकडे बघायचं नाही, असा काकींचा दंडक होता. तो मोडायच्या त्या स्वतःच. तीन रांगा ओलांडून त्यांचा आवाज यायचा, की वाशीमवाले, तेल घेतलंस का? एकदा बिल करणाऱ्या मुलीने मला विचारलं, तुम्ही त्या आजींबरोबर आहात ना? कोण आजी, असं मी म्हटलं. माझ्या हातात काकींची पिशवी होती, आणि तिच्यावर काकींच्या मुलाचा ‘प्लॉट व फ्लॅट खरेदी-विक्री’चा फोटो छापलेला होता. ती मुलगी त्या फोटोकडे बघून हसली आणि बिल केलं.

एवढं सगळं मी का करायची, ते सांगायला हवं. आम्ही वाशीमकडून आलो तेव्हा नवऱ्याला तळोज्याच्या कारखान्यात नुकतंच लावून घेतलं होतं. पगाराची चिठ्ठी नव्हती, डिपॉझिट नव्हतं, कडेवर लहान मुलगी होती. तीन ठिकाणी नकार घेऊन काकींच्या दारात उभे राहिलो. त्यांनी कागद मागितले नाहीत. माझ्या बोचक्याकडे बघून विचारलं, भांडी किती हायत? मी बोचकं सोडून दाखवलं. त्यांनी पातेली उलटी करून बुडं बघितली, घासलेली आहेत की नाही ते. मग खालच्या मजल्यावरची मागची खोली उघडून दिली. तेव्हापासून मी त्यांचं बिल आहे, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

आता ती मुलगी सातवीत आहे. शाळा खोलीपासून चालत जाण्याजोगी. गावी सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावाला होती, म्हणून माझं शिक्षण तिथेच थांबलं. माझ्या मुलीची आठवी त्याच शाळेत, याच रस्त्याच्या टोकाला आहे. ही खोली गेली तर आम्हाला परवडेल अशी दुसरी कुठे लांब आत मिळणार, आणि तिथून शाळेचं काय, या विचाराने मी नेहमीच थोडी धास्तावलेली असते. नवरा म्हणतो, काही झालेलं नसताना तू कशाला घाबरतेस? मी म्हणते, झाल्यावर घाबरून काय उपयोग?

म्हणून मी स्वतःला काकींच्या उपयोगाची करून ठेवायला लागले. वर्तमानपत्रातून पडणारे दुकानाचे जाहिरातीचे कागद वाचून ठेवायचे. रविवारी पहाटे आम्ही पनवेलच्या घाऊक मार्केटात जायचो, तिथे कुठल्या गाळ्यावर बटाटा उतरला ते फिरून बघून यायचे. ऊन वर आलं की गाळेवाल्यांना माल संपवून घरी जायचं असतं, तेव्हा दर पडतो, हेही मीच काकींना सांगितलं. काकी खूश झाल्या. एक गोण घ्यायला गेलेल्या, दोन घेऊन आल्या. पुढच्या वेळी हमालाने तिसरी न विचारताच गाडीत टाकली.

आणलेल्या मालाचे घरी वाटे पडायचे. काकींच्या सासरी पूर्वी सगळे मिळून खाडीत जाळं टाकत. आलेल्या मासळीचे सारखे वाटे घालायचे, मग एकाने पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कोणाचा? पाठ फिरवलेल्याने न बघता नाव घ्यायचं. न बघता घेतलेलं नाव, त्यामुळे कुणाला तक्रारीला जागा नाही. खाडीत आता मासळी राहिली नाही. त्याचं कारण लोक तळोज्यात शोधतात, आणि माझा नवरा तळोज्यातच कामाला, म्हणून त्या विषयात मी पडत नाही. पण वाट्यांची पद्धत काकींनी टोमॅटो-बटाट्यांवर चालू ठेवली. जिन्याखालच्या फरशीवर सहा वाटे मांडायच्या. प्रत्येकावर शेवटी एक मूठ खडेमीठ, कागदावर. मीठ ही एकच वस्तू त्या दुकानातून आणत नाहीत. उरणकडच्या नात्यातलं एक मिठागर अजून चालतं, तिथून त्यांना गोणी येते. मिठाला पैसे देणारा माणूस त्यांच्या मते वेडा.

पाठ फिरवायचं काम माझ्याकडे आलं. जळगाववालीनेच सुचवलं होतं, आणि सगळ्यांनी लगेच मान डोलावली. मला भरून आलं. एवढी माणसं आपल्यावर विश्वास ठेवतात म्हणजे काय. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. समोर विजेचे मीटर, त्यांचे लाल दिवे लुकलुकत असायचे. मागून काकी विचारायच्या आणि मी सांगायची. आधी काकींचं नाव, कारण त्या मालकीण. मग दादांचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं. तो वर राहतो, सुनेचा स्वयंपाक वेगळा. मग जळगाववाली, मास्तरीणबाई, सांगलीची पोरं. स्वतःचं नाव मी शेवटी घ्यायची. आपण आधी हात मारला असं कुणाला वाटू नये, आणि कुणी राहूनही जाऊ नये, म्हणून मी हा क्रम एकदा ठरवला आणि कधी सोडला नाही. आपण फार न्यायाने वागतो असं मला वाटायचं.

माल मात्र वाढत गेला. कांद्याच्या गोणी जिन्यात आल्या. तेलाचे कॅन काकींच्या पलंगाखाली गेले, तिथे जागा संपल्यावर देवघराखाली. एकावर एक फुकट मिळालेल्या फिनेलच्या बाटल्या इतक्या झाल्या, की सून म्हणाली, आता घाणच कमी पडते. तूरडाळीला कीड लागली, ती आम्ही दोन दुपारी गच्चीवर ऊन देऊन निवडली. शेवटी सांगलीचा एक पोरगा जिन्यातल्या कांद्यावरून घसरला आणि त्याचा पाय मुरगळला. दादांनी त्याच संध्याकाळी विषय काढला, की आई, एक खोली मालाला काढ. आणि कुठली तेही सांगितलं. खालची मागची. टेम्पो थेट दारापर्यंत लागतो.

खालची मागची म्हणजे आमची.

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. दोन रुपयांनी स्वस्त साखर ठेवायला महिन्याच्या भाड्याची खोली रिकामी करायची होती, आणि त्या घरात हे कुणालाच विचित्र वाटत नव्हतं. मलाही कोणत्या तोंडाने वाटावं? अर्ध्या गोणी माझ्याच शोधाच्या होत्या. वाशीमहून इतक्या लांब येऊन मी कांद्याची जागा अडवून बसले होते, आणि तो कांदाही मीच दाखवलेला.

काकी मुलाला बोलल्या नाहीत. मला मात्र रविवारी सकाळी सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘खोली कोनाची जानार ते आमी नाय ठरवत. वाटा ठरवील. ज्याच्या वाट्यावर मीठ नाय, त्यानं जागा खाली करायची. दादासुद्धा त्यात आला.’ दादांनी खांदे उडवले. त्यांच्याकडे वरचं घर होतं, शिवाय खाली पुढच्या बाजूला त्यांचं ऑफिस. काचेचं टेबल, फिरती खुर्ची, एसी. खारघरहून फ्लॅट बघायला येणारी माणसं कधीमधी तिथे बसत, एरवी ते बंद असे. सहातलं एक आपल्यावर येईल असं त्यांना वाटलंच नसावं. मला तर सहाच्या सहा माझ्यावरच येतील असं वाटत होतं.

मास्तरीणबाईंनी विचारलं, आज दुसऱ्या कुणी पाठ फिरवायची का? काकी म्हणाल्या, नाय, वाशीमवालीच.

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे काकींची पावलं वाजत होती, कागद सळसळत होते. नवरा रात्रपाळी करून आलेला, तो डबा हातात घेऊन तसाच दारात उभा राहिला. मुलगीही. मनात आलं, आज क्रम बदलावा. आपलं नाव मध्येच कुठे तरी घ्यावं. पण मधलं म्हणजे कितवं, आणि मीठ नसलेला तोच निघाला तर? डोकं चालेना. मीटरच्या दिव्याकडे बघत राहिले.

‘ह्यो कोनाचा?’

काकींचा, मी म्हटलं.

‘आनि ह्यो?’

‘दादांचा.’

पुढचा प्रश्न आला नाही. मला वाटलं आवाज पोचला नसेल, म्हणून मी पुन्हा म्हटलं, दादांचा. तेव्हा सांगलीची पोरं हसली. मी नियम मोडून मागे वळले. दुसऱ्या वाट्यावर टोमॅटो होते, कांदे होते, कोथिंबिरीची जुडी होती. कागद नव्हता.

दादा म्हणाले, ‘आई, हे काय?’

‘पाठ केलेल्या बाईनं नाव घेतलं,’ काकी म्हणाल्या. ‘माझा काय हात त्यात?’ आणि मला म्हणाल्या, तू वळलीस कशाला, अजून चार राहिलेत. मग मी पुन्हा भिंतीकडे वळून उरलेली नावं घेतली. माझा वाटा शेवटचा होता. त्याच्यावर मीठ होतं, मूठ जरा मोठीच पडली होती.

दुपारी मी जळगाववालीकडे जाऊन बसले. देवानेच वाचवलं गं, मी म्हटलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, ‘देवाला कशाला मधी घालतेस? तू इतक्या दिवसांत एकदा तरी नाव मागंपुढं केलंस का?’

मी म्हटलं, कधीच नाही. मग तिनेच सांगितलं. पहिल्या महिन्यातच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. मी दरवेळी तीच नावं त्याच क्रमाने घेते. म्हणजे कुठला वाटा कुणाला द्यायचा ते काकी बोट ठेवतानाच ठरवायच्या. जळगाववालीला दिवस गेले होते तेव्हा तिच्याकडे लालबुंद टोमॅटो यायचे. सांगलीच्या पोरांनी भाडं थकवलं की त्यांच्याकडे मऊ पडलेले. मास्तरीणबाईंचे वडील राहायला आले त्या महिन्यात त्यांचा वाटा भारी. म्हणून तर सगळ्यांनी मला पसंत केलं होतं. जिन्याखाली जमणाऱ्या सगळ्यांत पाठ फिरवून नाव घेणं आंधळं असतं, असं मानणारी मी एकटीच होते.

दादांना कसं नाही कळलं, मी विचारलं. ती म्हणाली, दादा कधी वाटे बघायला खाली आलेत का? सून येऊन पिशवी घेऊन जाते.

तर अशा रीतीने आमची खोली राहिली आणि मुलीची आठवी राहिली. काचेचं टेबल गच्चीवर गेलं. ऑफिसात कांदा-बटाटा आणि साखर आली. एसी दादांनी काढू दिला नाही. गिऱ्हाईक आलं तर ते त्याला तिथेच बसवतात, स्वतः तेलाच्या कॅनवर बसतात आणि तळोज्यातल्या नव्या इमारतींचे दर सांगतात. परवा एक बाई फ्लॅट न बघताच गेल्या, पण जाताना साखर कुठून घेता ते विचारून गेल्या.

काकींचे मी आभार मानायला गेले होते. त्यांनी दादच दिली नाही. कसले आभार, म्हणाल्या, नाव तूच घेतलंस. आणि लगेच विचारलं, की जागा हाय आता, तर तांदूळ कुठं उतरलाय?

मी घरी येऊन खोलीकडे बघितलं. ऑफिसानंतर तळमजल्यावर आमचीच खोली उरते, आणि टेम्पो अजूनही थेट दारापर्यंत लागतो. नवऱ्याला म्हटलं, पुढच्या वेळी काय करू? तो म्हणाला, नावांना हात लावू नकोस, बाकी काय करायचं ते कर.

जाहिरातीचे कागद मी अजूनही वाचते, आधीपेक्षा जास्त नीट वाचते. वाचून झाले की घडी करून उशीखाली सारते, आणि काकी जिन्यातून विचारतात तेव्हा दारातून मान बाहेर काढून सांगते, की या आठवड्यात बघा विशेष असं काही नाही.