पाण्याखालचे सहा मिलिमीटर

पंप सुरू झाला तेव्हा माझी सही होऊन गेली होती. वैनगंगेच्या पात्रात पाणीपुरवठ्याची एक विहीर आहे, तिच्याभोवती लोखंडी पत्र्याच्या रिंगा एकावर एक जोडून केलेलं गोल कवच. आतबाहेर सारखं पाणी असतं तोवर त्या कवचाला काही होत नाही. आतलं उपसलं की नदी त्याला चहूकडून दाबते. उपसा झाल्यावर तीन वेल्डर आत उतरणार होते, माझ्या रिपोर्टच्या भरवशावर.

माझं काम पत्र्याची जाडी मोजायचं. मीटरचा प्रोब पत्र्याला टेकवला की आवाज पत्र्यात शिरतो, पलीकडच्या बाजूवर आपटून परत येतो. त्याला लागलेल्या वेळेवरून मीटर जाडी सांगतो. पाण्याखाली प्रोब धरला होता शामराव भाऊंनी. ढिवर माणूस, उभा जन्म मासेमारीत गेलेला. मी काठावर आकडे लिहीत होते. मूळ पत्रा आठ मिलिमीटरचा. निदान पाच तरी हवा होता. सगळीकडे सहाच्या आसपास भरला. मी खूश! रिपोर्टवर सही केली, पंप सुरू झाला.

भाऊ डोकं पुसत माझ्याजवळ आले.

"बाई, खालची रिंग मले बराबर नाई वाटून राह्यली."

"काऊन? मीटर तर सहा म्हणते."

"मी दगडानं ठोकून पाह्यलं. आमचा पत्र्याचा डोंगा सडाले आला का असाच बसका वाजते."

"भाऊ, दोन्हीकून पाणी असलं का आवाज पत्र्यातून पलीकडं निघून जाते. म्हणून बसका वाटते," मी शहाणपण शिकवलं.

"वरच्या रिंगलेबी दोन्हीकून पाणीच होतं ना, बाई. ते तर चांगली वाजली."

मग फरक पत्र्यातच होता. सकाळी मीटर जुळवताना मी ठरलेल्या जाडीच्या पट्ट्यांपैकी आठ आणि दहाच्याच वापरल्या होत्या. पत्रा आठचा, मग तीनची पट्टी कशाला काढायची? ती बॅगेत तशीच होती. आता काढली. प्रोब ठेवला. तीनच्या पट्टीवर मीटरने सहा दाखवले.

पत्रा फार पातळ असला की पहिला प्रतिध्वनी इतक्या लवकर परततो, की प्रोबचा स्वतःचा आवाजच अजून थांबलेला नसतो. मीटरला तो दिसत नाही. मीटर दुसरा प्रतिध्वनी धरतो, दोन फेऱ्या मारून आलेला. जाडी दुप्पट दिसते. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

मी साइट मॅनेजरकडे धावले. वेल्डर बेल्ट बांधून शिडीपाशी उभे होते.

"पंप बंद करा!"

"मॅडम, काऊन घाबरून राह्यल्या? सही तर तुमचीच आहे."

"म्हणूनच सांगते."

"मले वर जवाब द्या लागते. लेखी द्या."

मी त्यांच्या हातातल्या रिपोर्टवर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, खाली सही केली. पंप थांबला. वॉल्व्ह उघडून नदी पुन्हा आत घेतली.

पाणी सारखं झाल्यावर भाऊ खाली जाऊन आले. तळहाताची वाटी करून दाखवली. खालच्या रिंगचा पत्रा तेवढा आत दबला होता. आणि पंप थांबला तेव्हा पाणी निम्मंच उपसलं होतं.

पातळ पत्र्यासाठीच्या दुसऱ्या प्रोबने मोजलं तेव्हा तिथे तीनही भरले नाहीत.

तो रद्द रिपोर्ट मी फाडला नाही. ट्रेनिंगला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी तोच दाखवते. एकाच कागदावर माझ्या दोन सह्या बघून त्यांना हसू येतं. हसू देते. मग तीनची पट्टी बाहेर काढायला लावते.